एक माणूस कमी

वैजू, काल तुझा दहावा झाला आणि तुझी जीप भरली.

नदीवरून परतताना सगळे तिच्यातच चढले. स्टेअरिंगवर तुझे जावई. मागच्या बाकड्यांवर गुडघ्याला गुडघा लावून तुझी जुनी गिऱ्हाइकं: सिरसाळ्याची नर्मदाबाई कासारीण, दुधाचे कॅन घेऊन यायचा तो हनुमंत, शाळेतून रिटायर झालेले गुरुजी, आणखीही बरेच. गाडी हलायच्या आधीच नर्मदाबाईनं विषय काढला. वैजूभाऊची लई इच्छा होती, तर येत्या रविवारी आपण सगळे ते गाड्यांचं म्युझियम बघून येऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या. आता कुणाच्या घरी लग्न नव्हतं, कुणाची म्हैस व्यायला झाली नव्हती, कुणाचा कापूस वेचायचा राहिला नव्हता. तुझ्या हयातीत ज्यांना एक दिवस सापडला नाही, त्यांना तो तुझ्या पिंडाच्या वाळूत सापडला.

जावई म्हणाले, "लिंबाजीमामा, पुढं बसा." तुझ्या शेजारची ती पुढची जागा. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, मला पाय मोकळे करायचेत. आणि घरापर्यंत पायी आलो. रागानं आलो, हे तुला सांगायला हरकत नाही.

राग कावळ्याचाही आला होता. तिथं सगळे तयारीत उभे होते रे. कावळा शिवायला वेळ लागला की कोण काय कबूल करणार, हे आधीच वाटून घेतलेलं. तुझ्यामागं वहिनीला सांभाळतो म्हणून जावई सांगणार, म्युझियमचं मी बोलायचं. मी मनात वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. पिंड ठेवून माणसं चार पावलं मागं सरतात न सरतात तोच कावळा आला आणि घास उचलून गेला. कुणाला तोंड उघडायची वेळच आली नाही. बायका म्हणाल्या, बरं झालं, जीव कशात अडकला नव्हता. मी कावळ्याबिवळ्यावर भरवसा ठेवणारा माणूस नाही, पण मला ते लागलं. जन्मभर लोकांची वाट बघत बसणारा तू, आणि इथं माझ्या एका वाक्यापुरतासुद्धा थांबला नाहीस.

आपलं नातं खरं तर साप-मुंगसाचं असायला हवं होतं. मी एसटीचा कंडक्टर, बीड-परळी. तू त्याच रस्त्यावरचा वडाप जीपवाला, आमच्या थांब्यावरची माणसं आमच्या डोळ्यांदेखत उचलून नेणारा. डेपोत आमचे साहेब तुम्हा लोकांच्या नावानं बोटं मोडायचे आणि मी ड्युटी सुटली की तुझ्याच बॉनेटवर बसून चहा प्यायचो. आपलं भांडण त्या धंद्यावरून कधी झालंच नाही. ते व्हायचं निघण्यावरून. माझं म्हणणं एकच होतं: वेळ झाली की निघायचं. गाडीत एक म्हातारी असो की कुणी नसो, डबल बेल मारायची आणि हलायचं. तुझं म्हणणं: भरली की निघायचं. सीट मोकळी ठेवून गाडी काढणं म्हणजे तुझ्या लेखी ताटावरून अर्धपोटी उठणं. सकाळची पहिली फेरी रिकामी गेली की दिवस रिकामा जातो, असं तुला तुझ्या वस्तादानं शिकवलं होतं, आणि ते तू देवाच्या वचनासारखं धरून बसला होतास.

एकदा नर्मदाबाई बांगड्यांची टोपली घेऊन तेलगावला माझ्या बसमागं पळत आली होती. वेळ झाली होती, मी बेल दिली. ती अडखळली, बांगड्या फुटल्या, आणि मागून तू आलास आणि तिला काचांसकट गोळा करून घेऊन गेलास. त्यानंतर कित्येक वर्षं ती माझ्या बसमध्ये चढली नाही, आणि तू तेवढी वर्षं मला ते ऐकवलंस. मी आजही म्हणतो, माझं बरोबर होतं. पुढे परळीत लोकांची रेल्वे असायची. एका टोपलीसाठी सगळ्या बसला ताटकळत ठेवायचं नसतं. तू असतास तर आत्ता म्हणाला असतास, "रेल्वे दुसरी येती बे, टोपली दुसरी येत न्हाई." असं काहीतरी फेकायचास आणि मला उत्तर सुचायच्या आत चहा संपवायचास.

पण तुझ्या त्या नियमाचं मीच खाल्लंय, हेही खरं. माझी बायको सुमन गेली तेव्हा मी नुकताच रिटायर झालो होतो. घरात भांड्याचा आवाज नाही, बाहेर ड्युटी नाही. मी उठायचो, अंघोळ करायचो आणि खाटेवर बसून राहायचो. एके सकाळी तू दारात येऊन हॉर्न वाजवलास. वाजवतच राहिलास. मी वैतागून बाहेर आलो तर म्हणालास, "एक माणूस कमी हाय. चल, बस." मी म्हणालो, मला कुठं जायचं नाही. तू म्हणालास, जायला कोण सांगतंय, नुसतं बसायला सांगतोय, सीट मोकळी हाय म्हणून गाडी खोळंबली हाय. मी बसलो. सिरसाळ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा हॉर्न. पुन्हा एक माणूस कमी. कितीतरी दिवस मला खरंच वाटायचं की तुझं गिऱ्हाईक घटलंय. मग एकदा पाहिलं, माझ्यासाठी पुढची जागा मोकळी राहावी म्हणून तू एका धडधाकट माणसाला टपावर बसवलं होतंस. मी तुला त्याबद्दल काही बोललो नाही. तूही नाही. आपल्यात ते बोलायची पद्धत नव्हती. आज बोलतो: त्या पुढच्या सीटनं मला जगवलं, वैजू.

म्युझियमचं खूळ मात्र मीच आणलं. पोराबाळांच्या मोबाइलवर येतात तसला एक व्हिडिओ माझ्या मोबाइलवर आला. पुण्याच्या अलीकडं कुणा हौशी माणसानं जुन्या गाड्या जमवून मोठी शेड उभी केलेली. राजेरजवाड्यांच्या लांबलचक गाड्या, चांदीसारखे दिवे, आणि शेवटी एका कोपऱ्यात लाल गालिच्यावर, पितळी खांबांना दोरी बांधून उभी केलेली जीप. तुझ्या पहिल्या जीपचंच मॉडेल. रंगसुद्धा तोच. मला वाटलं, तू खूश होशील. तू चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघितलंस आणि गप्पच झालास. मग म्हणालास, "माझीला भंगारवाल्यानं गॅसकटरनं कापली. आन् हिला गालिचा."

तू पहिली जीप भंगारात दिलीस तेव्हा मी होतो तिथं. कापताना तू बघू नको म्हणून मी तुला चहाला नेलं होतं, आणि तो कटरचा फुसफुस आवाज हॉटेलापर्यंत येत होता. म्हणून मला माहीत होतं की तू का गप्प झालास. पण नंतर तू जे बोललास ते मला सुचलं नसतं. तू म्हणालास, ही कोरी हाय, हिच्यात कुणी बसलेलंच न्हाई. बघ, बाकड्याचं रेक्झिनसुद्धा दबलेलं न्हाई. आणि मग तुझ्या डोक्यात ते शिरलं की तिथं जायचं, माणसं घेऊन जायचं, आणि एकदा, एकदाच, तिच्यात माणसं बसवायची.

मी सांगितलं की तसं करता येत नाही. दोरीच्या अलीकडून बघायचं, हात लावायचा नाही, आत जायला तिकीट आहे. तिकिटाचं ऐकून तू उखडलास. "तू जल्मभर तिकिटं फाडलीस लिंबा. बसू न देता कदी फाडलंस का?"

त्या दिवसापासून आपण दुसरं काही बोललोच नाही. रस्ता बीडवरून नगरला काढायचा की पाटोद्यावरून जामखेडला, यावर तू आणि मी चौकात भांडलो. धपाटे किती, ठेचा किती, पाण्याचा जार कुणाच्या पायात ठेवायचा, हे ठरलं. म्युझियम सोमवारी बंद असतं हे मी फोन करून विचारून घेतलं. फोनवरच्या मुलीला मी आडून आडून विचारलं, की गाडीत जरा बसू देतात का. ती म्हणाली, नाही सर. मी तुला ते सांगितलं नाही. म्हणालो, बघू म्हणाली. वहिनी आधी यायला तयार नव्हती. जीपवाल्याची बायको, पण गाडीत बसली की हिला मळमळतं. जन्मभर तुझ्या जीपमध्ये ती हातात लिंबू घेतल्याशिवाय बसली नाही. तरी या वेळी म्हणाली, येते.

आणि तू माणसं जमवायला लागलास. तुला परकी माणसं नको होती. त्या पहिल्या जीपमध्ये बसलेलीच हवी होती, म्हणजे जीप जीपला ओळखंल म्हणे. नर्मदाबाई हो म्हणाली तर हनुमंताच्या म्हशीचं निघालं. हनुमंत मोकळा झाला तर गुरुजींच्या नातीचं लग्न. ते उरकलं तर कापूस फुटला. आणि सगळ्यांत मोठी अडचण, रामा आणि त्याची सखू. ती दोघं दिवाळी झाली की कोयत्याला, ऊस तोडायला कारखान्यावर जाणार, ती गुढीपाडव्यापर्यंत इकडं दिसत नाहीत. त्यांना सोडून जाऊ म्हटलं तर तू ऐकेनास. ती पोरगी नवी नवरी होऊन आली ती माझ्या गाडीतून आली, तिची सीट मी दुसऱ्याला कशी देऊ, म्हणायचास. उन्हाळ्यात रामा असला तर गुरुजी नाहीत, पावसाळ्यात पेरण्या. मी हात टेकले. मी म्हणालो, अरे, आपण तिघंच जाऊ. तू, मी, वहिनी. तू असं बघितलंस की जणू मी बसमधून कुणाला ढकलून दिलंय.

त्यातच तुझ्या किडन्या गेल्या. अंबाजोगाईला डायलिसिस सुरू झालं. तू त्याला ऑइल बदलायला जाणं म्हणायचास आणि तिथल्या नर्सांना हसवायचास. हसायचं नव्हतं. डॉक्टरांनी मला आणि वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदयानंही दम सोडलाय. मी विचारलं, एका दिवसाचा प्रवास झेपेल का. ते म्हणाले, दोन वेळांच्या मधल्या दिवशी नेऊन आणा, पण लांबवू नका. लांबवू नका. मी बाहेर येऊन तुला सांगितलं की डॉक्टर जा म्हणालेत. दुसरं वाक्य गिळलं.

शेवटी वहिनीनंच मनावर घेतलं. पहाटे उठून धपाटे केले, तुझ्यासाठी बिनमिठाचे वेगळे. मला बोलावणं धाडलं आणि तुला म्हणाली, आज निघायचं. तू किल्ली घेतलीस. मी म्हणालो, मागं आम्ही दोघं, पुढं तू, बीडपासून माझा भाचा चालवायला येतोय. मी मागून टपावर दोनदा हात मारला, माझ्या सवयीनं. गाडी हलली. मला इतका आनंद झाला होता वैजू, की मी वहिनीच्या देखत मोठ्यानं हसलो.

तू चौकापर्यंत गेलास, चिंचेखाली तुझ्या जुन्या जागेवर गाडी लावलीस आणि इंजिन बंद केलंस.

मी विचारलं, "कावून थांबलास बे?"

तू म्हणालास, "बीडपर्यंतचे तरी घेऊ. रिकामी न्हाई न्यायची."

तू खाली उतरलास, बॉनेटला टेकलास आणि हाळी द्यायला लागलास. बीड, बीड, बीड. आवाज पार बसला होता तुझा. रस्त्यावरून मोटारसायकली जात होत्या, प्रत्येक घरात एक आहे आता, कुणाला जीप लागते? एकानं थांबून विचारलं, काका, गाडी बंद पडली का, ढकलू का. तू त्याला म्हणालास, बीडला यायचं का. तो हसून गेला. माझी एसटी आली, वेळेवर, थांबली, चार माणसं घेऊन गेली. नव्या कंडक्टरनं तुझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी म्हणालो, वैजू, म्युझियम बंद होईल. तू म्हणालास, दम धर, येणारा येतोच. वहिनी लिंबू हुंगत बसून राहिली. ऊन डोक्यावर आलं. मग तू बराच वेळ नुसता रस्त्याकडं बघत उभा राहिलास, आणि हळूच आत येऊन बसलास, आणि म्हणालास, रामा आल्यावरच जाऊ. गाडी वळवलीस. धपाटे आपण घरीच खाल्ले, ओट्यावर.

मी त्या दिवशी तुला मनातल्या मनात लई शिव्या दिल्या. माझ्या मते तुझी ती सवय झाली होती, खोड झाली होती, बैलाला घाण्याची होते तशी. आता मला दुसरंच वाटतं, आणि ते वाटल्यापासून झोप लागत नाही. डॉक्टरांचं दुसरं वाक्य मी गिळलं खरं, पण तुला ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. गाडी भरली की निघावं लागतं, हे तुझ्याएवढं कुणाला माहीत होतं? तू माणसांची वाट बघत नव्हतास. तू निघणं लांबवत होतास. आणि मी, मोठा वेळेचा पक्का, तुझ्या मागून टपावर हात मारत होतो.

पुढच्याच खेपेला दवाखान्यात, नळ्या लावलेल्या असताना, तू विचारलंस, रामाचा फोन आला का. मी वैतागून म्हणालो, ते पाडव्याला येतील, तोवर... आणि थांबलो. तू म्हणालास, "तोवर काय?" मी म्हणालो, तोवर म्युझियम काय पळून चाललंय का. तू हसलास. ते हसू मला नको होतं. वहिनी चहा आणायला गेली होती. ती येईपर्यंत मशीन वाजायला लागलं, नर्सा धावल्या, मला बाहेर काढलं. मी काचेतून बघत होतो. तुझा एक पाय चादरीतून बाहेर आला होता, तेवढाच दिसत होता.

लोक म्हणतात, सुटला. कुणापासून सुटला? मला तर कुठूनच सुटका दिसत नाही. सकाळ होते, मी अंघोळ करतो, खाटेवर बसतो. हॉर्न वाजत नाही. रविवारी ही सगळी जातील, दोरीच्या अलीकडं उभी राहून फोटो काढतील, आणि ती कोरी जीप तशीच कोरी राहील. मी जाणार नाही. नर्मदाबाई मला बोल लावेल. तिला सवय आहे.

एवढं एकच सांगायचं राहिलंय. ते वहिनीलाही माहीत नाही, ती जावयांच्या गाडीतून पुढे गेली होती. तुला ॲम्ब्युलन्समध्ये ठेवलं. तू मध्ये आणि कडेला लांब बाकडं, सगळं मोकळं, त्यावर मी एकटा. ड्रायव्हरनं मागं वळून विचारलं, निघायचं का काका? वेळ झाली होती. कागद झाले होते, बिल झालं होतं, थांबायला काही कारण नव्हतं. उभ्या जन्मात मी वेळ झाल्यावर कुठली गाडी थांबवली नाही.

मी म्हणालो, "थांबा जरा. एक माणूस कमी हाय."

तो म्हणाला, "कोन यायचंय?"

तो भला माणूस, थोडा वेळ थांबला. मी त्या मोकळ्या बाकड्याकडं बघत होतो, दाराकडं बघत होतो. कुणी आलं नाही. मग त्यानंच गाडी काढली. मी बेल दिली नव्हती, वैजू.